गोळीबरोबर बोलणारा माणूस परत द्या

प्रति,
आमच्या भागात काविळीच्या मोफत औषधांची व्यवस्था पाहणारे अधिकारी साहेब,
तसेच बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सरकारी खिडकीवर आणि खासगी मेडिकलमध्ये आमच्या हातात गोळ्या ठेवणारे सर्व फार्मासिस्ट,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण गाऱ्हाणं नीट मांडता येईल अशी माझी भाषा हीच आहे. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार मांडायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला दिलाय, तोही मी वापरतेय. एक गोष्ट आधीच सांगते, हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही. तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. मी लिहितेय ते गोळ्यांच्या एका डबीबद्दल. ती हातात देताना पूर्वी आमच्याशी बोललं जायचं, आता बोललं जात नाही, त्याबद्दल.

१९९६ साली धाकटीच्या बाळंतपणात माझं फार रक्त गेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं म्हणून मी वाचले. त्या काळी रक्तपेढीत हेपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून लिव्हरला होणाऱ्या विषाणूच्या काविळीची, तपासणी सक्तीची नव्हती, ती २००१ पासून झाली. २०२२ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा कळलं की माझ्या लिव्हरमध्ये सी विषाणू आहे. बहुतेक त्या दोन बाटल्यांतूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. २६ वर्षं तो आत बसून होता आणि मला फक्त थकवा यायचा. वय झालं, शाळेची दगदग, असं म्हणून मी तो अंगावर काढला.

पूर्वी या आजाराला इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा-सहा महिने, वर्षभर, आणि तरी बरं होण्याची खात्री नसायची. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुव्हिरची गोळी बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत १००० डॉलर होती. तीच गोळी मला फुकट मिळाली. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात तपासणीही मोफत आणि औषधही मोफत. एका शिक्षिकेच्या पेन्शनीत जे कधी बसलं नसतं ते सरकारनं दिलं. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे, आणि पुढची तक्रार वाचताना हे आभार कृपा करून विसरू नका.

आता त्या खोलीबद्दल सांगते.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एकाच दवाखान्याचं नाही. तिथं औषधांच्या खिडकीशेजारी एक लहान खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, दाराला हिरवा पडदा. काविळीच्या गोळ्या तिथं मिळायच्या. पहिल्या दिवशी मी आत गेले ती घाबरूनच. फार्मासिस्ट साहेबांनी आधी बसायला सांगितलं. दोन डब्या पुढं ठेवल्या, सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, प्रत्येकीत २८ गोळ्या. प्रत्येकीतली एकेक गोळी झाकणावर काढून मला दाखवली. म्हणाले, "रोज ही एक, ही एक. एकाच वेळेला. तुमी वेळ ठरवा, मी लिहितो."

साहेब कन्नड. घरी, दारी कन्नडच बोलणारे. मराठी त्यांनी नोकरीत असताना पेशंटांकडून शिकलेली, मोडकी, पण कळायला अगदी स्वच्छ. माझ्या केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी पट्टीनं २८ चौकोन आखले आणि वर देवनागरीत लिहिलं, "सकाळी ९, नाश्टा झाल्यावर". नाश्टा हा शब्द त्यांनी तसाच लिहिला होता. मी शिक्षिका, पण तो शब्द दुरुस्त करावा असं मला आजपर्यंत वाटलेलं नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. बीपीची कुठली गोळी? ॲसिडिटीची घेता का? गुडघे दुखले की मेडिकलमधून काय आणता? फिट्सच्या, टीबीच्या गोळ्या घरात कुणाला चालू आहेत का, आणि त्यातल्या तुम्ही कधी घेतल्या का? टीबीच्या रिफाम्पिसिननं आणि फिट्सच्या काही गोळ्यांनी या औषधाची ताकद जाते, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. झाडपाल्याचं काही चालू आहे का, हेही विचारलं. होतं. नणंदेनं आणून दिलेला एक काढा मी आठ दिवस घेत होते आणि डॉक्टरांना सांगायची लाज वाटत होती. साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बारा आठवडे तो बंद. लिव्हरला एकच काम देऊया."

गोळी विसरली तर? त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. डबीतली ती छोटी पुडी फेकायची नाही, ती ओल ओढून घेते. डबी चुलीजवळच्या फळीवर ठेवायची नाही. आणि सगळं सांगून झाल्यावर साहेब म्हणाले, "आता तुमी मला सांगा."

शाळेत धडा संपल्यावर मी मुलांना हेच सांगायची. "आता तू सांग." मुलानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं असं नसतं, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर कळलं. त्या दिवशी त्या खुर्चीवर मी पहिलीतल्या पोरीसारखं सगळं परत सांगितलं. एका ठिकाणी चुकले, त्यांनी ते पुन्हा समजावलं.

८४ दिवसांत माझी एकही गोळी चुकली नाही. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी परत रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही. या औषधांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त रुग्ण बरे होतात असं सांगतात. त्यात मी एक. रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

ती खोली आता बंद आहे. आत औषधांचे खोके रचलेत. साहेबांना मोठ्या खिडकीवर घेतलं आणि पुढं त्यांची बदली झाली. निर्णय कुणी घेतला ते मला माहीत नाही. कारण सांगितलं गेलं ते असं की रांग लवकर पुढं सरकावी म्हणून सगळी औषधं एकाच खिडकीतून द्यायची. ताप, शुगर, बीपी, कुत्रं चावलेलं, आणि लिव्हरची कावीळ, सगळं एका जाळीमागून.

या बदलानं काय झालं ते माझ्याच घरात झालं, म्हणून लिहायला बसलेय.

माझे धाकटे दीर शेतकरी. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि काही दिवसांनी निरोप आला की हेपॅटायटिस बी आहे. गावात याला पांढरी कावीळ म्हणतात. बी झालेल्या प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, पण दिरांच्या रक्तात विषाणू पुष्कळ होता आणि लिव्हरही सुजलेलं होतं, म्हणून टेनोफोव्हिर सुरू केली. मी तेव्हा मुलीकडं होते, ते एकटेच गेले. खिडकीतून तीन महिन्यांच्या तीन डब्या मिळाल्या. जाळीआडून एकच शब्द आला, "रोज एक." मागं साठ माणसं. ते डब्या पिशवीत टाकून परत आले.

सी आणि बी यातला फरक त्यांना कुणी सांगितला नाही. सीच्या गोळ्या ठरलेले आठवडे घेतल्या की संपतं. बीच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, बहुतेकांना त्या वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्याव्या लागतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद केल्या तर विषाणू उसळून वर येतो. दिरांनी माझं पाहिलेलं होतं. त्यांचा हिशेब असा, वहिनीच्या गोळ्या तीन महिन्यांत संपल्या, वहिनी बरी झाली, मग माझ्याही तीन महिन्यांत संपल्या. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, "संपली की वहिनी. आता बरं वाटायलंय, कशाला परत जाऊ?" मला त्यांचा आजार सी आहे असंच वाटत होतं. मीही काही बोलले नाही. ती माझी चूक, आणि ती मला अजून टोचते.

गणपतीच्या आधी त्यांचे डोळे पिवळे झाले. घरच्यांनी आधी कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना वाटलं उतरली. चार दिवस असे गेले. मग पेजही पोटात राहीना, तेव्हा दवाखाना. अकरा दिवस ॲडमिट. त्या वर्षी आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा झाला. दीर वाचले, आता रोज गोळी घेतात, पण लिव्हरचं जे नुकसान झालं ते झालं.

घरी आणल्यावर मी त्या खिडकीपाशी गेले. भांडायला गेले होते, खरंच. जाळीमागं पंचविशीतला एक पोरगा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, मी तरी एकटा किती जणांना सांगू?" त्याच्या मागं मदतीला कुणी नव्हतं. पुढं रांग दारापर्यंत. माझा राग तिथंच विरला. त्या पोराविरुद्ध माझी तक्रार नाही, आणि हे पत्र वाचून त्याला कुणी बोलणार असाल तर कृपा करून बोलू नका.

आता मुद्दे.

पहिला मुद्दा वेळेचा आणि जागेचा. १९४८ चा फार्मसी कायदा म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच द्यायचं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत तर स्पष्ट आहे की फार्मासिस्टनं आपणहून रुग्णाशी बोलणं सुरू करायचं. औषध कशासाठी, कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कुठं ठेवायचं, इतर औषधांबरोबर चालतं का, डोस चुकला तर काय. हिरव्या पडद्यामागं साहेब जे करायचे ते सगळं या यादीत आहे. म्हणजे ते आमच्यावर उपकार करत नव्हते, कायद्यानं सांगितलेलं कामच करत होते. मग त्या कामाची खोली काढून घेताना, आता हे काम कुठं होणार, हा प्रश्न कुणी विचारला का? साठ माणसांच्या रांगेत हे बोलणं होऊच शकत नाही. फार्मासिस्ट कितीही चांगला असू दे.

दुसरा मुद्दा आजार जगजाहीर होण्याचा. एकदा रांगेत माझ्या पुढं शेजारच्या गावची एक बाई होती. आतून आवाज आला, "हेपॅटायटिसवाले कोण, इकडं या." ती हलली नाही. पुढच्या बसला ती रिकाम्या हातानं परत गेली, गोळ्या न घेता. का, ते मला नीट कळतं. तिच्या मुलीला त्या महिन्यात पाहुणे बघायला येणार होते. बी असो वा सी, एका ताटात जेवून, एका तांब्यातलं पाणी पिऊन, हात धरून हे आजार पसरत नाहीत. रक्तातून पसरतात, तपासणी न झालेल्या रक्तातून, वापरलेल्या सुईतून, न्हाव्याच्या जुन्या ब्लेडमधून. शिवाय बी शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो, आणि त्यावर लस आहे. हे गावाला सांगायला जितकी वर्षं लागतील तितकी लागोत. तोवर निदान आमचं नाव आणि आजार एका श्वासात ओरडून सांगू नका. केसपेपरवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिणंही बंद करा, तो कागद आम्ही हातात धरून अख्ख्या व्हरांड्यातून चालत असतो.

तिसरा, भाषा. या कागदांवर कन्नड आहे, इंग्रजी आहे. कन्नड असायलाच हवं. पण ज्या भागात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात असं १९५६ पासून केंद्राचं धोरण आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणसं तेवढी आहेत, खानापुरात तर त्याहून कितीतरी जास्त. "ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका", एवढं एक वाक्य डबीवर मराठीत चिकटवलेलं असतं तर दिरांना अकरा दिवस सलाईन लागलं नसतं, असं मला वाटतं. त्यांना वाचता येतं. माझ्याच शाळेत शिकलेत. जत, अक्कलकोटच्या कन्नड माणसालाही महाराष्ट्राच्या दवाखान्यात त्याच्या भाषेत औषध कळलं पाहिजे, हेही मी तितक्याच कळकळीनं म्हणते. आणि ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकले ते साहेब कन्नड होते, हे वर लिहिलंच आहे.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागलेला आहे, म्हणून थोडा सविस्तर लिहिते. दवाखान्यात एक समाधानाचा कागद भरून घेतात. स्वच्छता कशी, पिण्याचं पाणी आहे का, डॉक्टर नीट वागले का, औषधं मिळाली का. खूण करायची. दिरांनी त्या पहिल्या दिवशी तो भरला होता. औषधं मिळाली का? हो. समाधानी आहात का? हो. त्यांनी खोटं लिहिलं नाही. तीन डब्या पिशवीत होत्या, पैसा लागला नव्हता, शेतकरी माणूस खूश होऊन आला. तो कागद आजही कुठल्यातरी फायलीत समाधानी रुग्णांमध्ये मोजलेला असेल. आणि त्याच समाधानी रुग्णाला आपण कुठली गोळी, किती दिवस, कशासाठी घेतोय हे माहीत नव्हतं. त्या कागदावर फार्मासिस्टबद्दल एकही प्रश्न नाही. तो तुमच्याशी बोलला का? तुम्हाला कळलं का? गोळी चुकली तर काय करायचं, सांगाल का? हे तीन प्रश्न असते तर दिरांच्या कागदावर त्याच दिवशी तीन "नाही" दिसले असते, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

माझी मुलगी बी.फार्म. झालेली आहे. ती सांगत होती की स्कॉटलंडमध्ये व्यसनावरच्या उपचाराची औषधं घ्यायला मेडिकलमध्ये रोज येणाऱ्या लोकांची हेपॅटायटिस सीची तपासणी आणि गोळ्या फार्मासिस्टकडंच सोपवून पाहिल्या. नेहमीच्या दवाखान्याच्या वाटेनं जितके लोक उपचार पुरे करून बरे झाले, त्याहून जास्त या वाटेनं झाले. २०२० मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. तिकडची माणसं वेगळी, व्यवस्था वेगळी, मला कळतं. पण गोळी देणारा माणूस ओळखीचा असला की रुग्ण परत येतो, हे मला स्कॉटलंडनं सांगायची गरज नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण धरलेत. यातल्या प्रत्येकाला मोठा लिव्हरचा डॉक्टर कुठून मिळणार? फार्मासिस्ट मात्र तालुक्याला, कित्येक गावांतही आहे.

कणकुंबी, जांबोटीकडच्या लोकांचंही सांगायचं आहे. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आम्हा बायकांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी बसचं तिकीट लागत नाही, पण गड्यांना लागतं, आणि रोप लावणीच्या दिवसांत एक दिवस मोडला की मजुरी गेली. खिडकीवर गेल्यावर "आज साठा नाही, परवा या" असं ऐकलेला माणूस परवा येत नाही.

खासगी मेडिकलवाल्यांना एवढंच सांगते. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं आणि काउंटरवर दुसराच कुणी, असं जिथं असेल तिथं ते थांबवा. लिव्हरचा रुग्ण तुमच्याकडंच अंगदुखीची गोळी मागायला येतो. देण्याआधी एकदा विचारा, दुसरं काय चालू आहे? माझ्या गावचा मेडिकलवाला विचारतो, म्हणून मी त्याच्याकडंच जाते.

माझ्या मागण्या अशा:

ती खोली, किंवा तशी दुसरी जागा, दोन महिन्यांच्या आत परत सुरू करा. टेबल, दोन खुर्च्या, पडदा. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस तरी एक ठरलेला फार्मासिस्ट तिथं बसू दे, आणि पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक काविळीच्या रुग्णाला त्यानं दहा मिनिटं द्यावीत. त्या दिवशी मोठ्या खिडकीवर दुसरा माणूस द्या.

बीच्या आणि सीच्या गोळ्यांसाठी दोन वेगळी पत्रकं काढा, कन्नड, मराठी आणि उर्दूत. मराठी मजकूर तपासून द्यायला मी विनामूल्य तयार आहे.

ठरलेल्या तारखेला जो रुग्ण गोळ्या न्यायला आला नाही त्याला आठ दिवसांत फोन करा. फोनवर आजाराचं नाव घेऊ नका, "गोळ्यांची तारीख झाली, या" एवढं पुरे.

जून ते सप्टेंबर लांबच्या गावांच्या रुग्णांच्या गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवा. नावं बंद पाकिटावर नकोत, नंबर चालेल.

समाधानाच्या कागदात वरचे तीन प्रश्न घाला, तो मराठीतही छापा, आणि दर तीन महिन्यांनी किती "हो" आणि किती "नाही" आले ते दवाखान्याच्या फळ्यावर लिहा.

दिरांच्या पुढच्या गोळ्यांची तारीख येत्या सोमवारी आहे. मी त्यांच्याबरोबर येणार आहे. या पत्राची एक प्रत आवक खिडकीत देऊन पोच घेईन, आणि मग रांगेत उभी राहीन. केसपेपरच्या पाठीमागचा २८ चौकोनांचा तो कागदही बरोबर आणते. कुणाला बघायचा असेल तर दाखवेन.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका